छपरीतले दोन डबे

आई,

मागच्या महिन्यात गोंदियाला भरल्या हॉलमध्ये एका माणसानं तुझ्याबद्दल विचारलं आणि मी म्हणालो, मला माहीत नाही. हे आधीच सांगून टाकतो. मी स्वतःला ओळखतो, नाहीतर चार पानं इकडचं तिकडचं लिहीन आणि नेमकं हेच राहून जाईल.

मी सध्या काय करतो ते तुला माहीत असायचं कारण नाही. नोकरी तीच, नागपूरची, कॉम्प्युटरची, तू असतानाच लागली होती ती. पण सुट्टीच्या दिवशी मी एक कार्यक्रम करतो, लोक तो मोबाइलवर बघतात. जुने व्हिडिओ गेम, त्यातही सुपरहिरोंचे. म्हणजे हिरो एकच, गेमचं नावही एकच, पण तो दोन वैरी कंपन्यांच्या दोन डब्यांवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रांवर, आलेला. एकावर तो कसा उतरला, दुसऱ्यावर त्याची कशी वाट लागली, कुठे रंग चांगले, कुठे उडी चांगली, हे मी दोन्हीकडे खेळून दाखवतो आणि बडबडतो. तू म्हणशील, हे बघायले कोण रिकामं बसलं आहे. आहेत, आई. पुष्कळ आहेत. चाळिशीतले बाप आपल्या पोरांना मांडीवर घेऊन बघतात आणि खाली लिहितात की डोळ्यांत पाणी आलं. माझा फोटो छापून येतो कधीमधी. गोंदियाच्या एका कॉलेजनं म्हणूनच बोलावलं होतं, शाल-श्रीफळ देऊन.

आणि या कार्यक्रमाचा एक नियम आहे. त्या नियमामुळेच माझं नाव झालं. मला जो डबा आवडतो त्याच्याबद्दल मी आधी तोंड उघडत नाही. आधी नावडत्या डब्यावर तोच गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत संपवतो आणि मग बोलतो. बाकीचे आपापल्या कंपनीची पालखी वाहतात, मी वाहत नाही, असं लोकांचं म्हणणं. माझ्या निष्पक्षपणाचं कौतुक होतं. 'सरांचा नियम' म्हणतात त्याला.

तुला कळलंच असेल आता.

हॉलमध्ये दोन टीव्ही मांडले होते. एकावर राखाडी डबा, एकावर काळा, आपल्याकडे होते तसेच, मी कुठून कुठून शोधून मिळवलेले. मी निळ्या चादरीवाल्या हिरोचा तो आपला गेम खेळून दाखवला, टाळ्या पडल्या. मग सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडमनी विचारलं की हा सुंदर नियम तुम्हाला सुचला कसा. मी नेहमीचं सांगितलं. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलात मित्रांची भांडणं व्हायची, त्यातून सुचला. हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की हॉस्टेलची ती खोली, ते भांडण, सगळं मला आता दिसतंसुद्धा. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक माणूस उठला. माझ्याच वयाचा, पांढरा शर्ट, शेजारी कॉलेजातली मुलगी बसलेली, बहुतेक तिच्यामुळेच आला असावा. माइक नव्हता, तो तसाच मोठ्यानं बोलला. "सर, ये नियम तो हमारे तिरोडा में था. एक बाई होत्या, त्यायच्या छपरीत टीव्हीचे गेम होते. त्या म्हनत, पयले दुसऱ्याच्या डब्यावर स्टेज पार कर, मंग तोंड उघड. तुमी त्यायले ओळखता का?"

सगळे माझ्याकडे बघून राहिले. मी हसलो. हसून म्हणालो, "असेल कोणी. मला काही माहीत नाही बुवा." 'बुवा' असं मी एरवी कधी म्हणत नाही. तो माणूस "हो का" म्हणून खाली बसला.

कार्यक्रम संपल्यावर तो मुलीला घेऊन स्टेजजवळ आला. मला वाटलं आता हा सगळ्यांसमोर पकडतो. पण त्यानं हात जोडले. म्हणाला, "माफ करा साहेब. मले वाटलं तुमी त्यायचेच पोरगे. चेहरा तसाच दिसून राहिला ना. तिरोड्याले आले कधी तर बसस्टँडजवळ आपलं कृषी केंद्र आहे, चहा प्यायले या." त्यानं माझी माफी मागितली, आई. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, होतं असं कधीकधी.

तेव्हापासून मला धड झोप नाही, पण ते जाऊ दे. झोपेचं तुला सांगून तुझी दया मिळवायची नाही मला.

ती छपरी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. रस्त्याच्या बाजूची, पुढे बांबूचा तट्टा, आत लाकडी बाकावर दोन टीव्ही. राखाडी डबा बाबांनी रायपूरहून आणला होता, राइस मिलच्या ट्रकवर होते तेव्हा. माझ्यासाठीच आणला होता तो. पण महिन्याभरात गल्लीतली सगळी पोरं आपल्या छपरीत गोळा व्हायला लागली आणि तू म्हणालीस, एवढी गर्दी आहेच तर दुकानच टाकू. काळा डबा मग तू स्वतः गोंदियाला जाऊन आणलास. दुकानदारानं तुला विचारलं होतं म्हणे, कितव्या वर्गातल्या पोरासाठी पाहिजे, आणि तू म्हणालीस, माझ्यासाठी. हे तू घरी आल्यावर हसून सांगितलंस. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं. बाकी पोरांच्या आया धानाच्या बांध्यांवर रोवणीला जात, मिरच्या वाळवत, मंडळात भजनं म्हणत. माझी आई व्हिडिओ गेमचं दुकान चालवत होती. डोक्यावर पदर घेऊन, हातात सूप घेऊन तांदूळ पाखडत बसायची आणि अधूनमधून ओरडायची, "ए, रिमोट तानू नको, वायर तुटते."

एकाच गेमच्या दोन कॅसेटी होत्या, दोन्ही डब्यांसाठी एकेक. हिरोचं नाव इंग्रजीत, ते आम्हाला धड वाचता येत नव्हतं. दिवसा कारकुनी करणारा, रात्री पाठीवर निळं कापड बांधून इमारतींवरून उड्या मारणारा. तू त्याला चादरवाला म्हणायचीस आणि मग सगळे तेच म्हणायला लागले. मी कार्यक्रमात आज जे ऐटीत बोलतो, ते सगळं त्या छपरीत पोरांनी भांडून भांडून आधीच काढलेलं आहे. राखाडी डब्यावरचा चादरवाला टीचभर, चादर पुठ्ठ्यासारखी ताठ, गुंडांची गर्दी झाली की अर्धे गुंड दिसेनासे व्हायचे आणि मार मात्र बसायचा. पण त्याची उडी अशी की बटण दाबलं रे दाबलं की तो वर. काळ्या डब्यावर चादर फडफडायची, मागे शहर तीन थरांत सरकायचं, मार लागला की चादरवाला तोंडानं आवाज काढायचा. पोरं नुसती बघत उभी राहायची. पण तिथे तो उडी मारताना विचार करायचा, असं वाटायचं. आणि पुलावरची स्टेज त्या कंपनीनं गाळूनच टाकली होती, का ते देव जाणे. संगीताचं तर उलटंच. राखाडीवरची ती टिणटिण धून मी आजही भांडी घासताना गुणगुणतो, काळ्यावरच्या त्या भारी बँडबाजाची एक ओळ आठवत नाही.

पण खरी गंमत अशी की हे सगळं जगभरच्या तज्ज्ञांनी लिहून ठेवलं आहे, फक्त एक गोष्ट कोणी लिहिलेली नाही. तिरोड्याची लाईन. संध्याकाळी सगळ्या गावाचे पंखे आणि बल्ब लागले की व्होल्टेज पडायचं. काळा डबा लगेच अडायचा, चादरवाला हवेत लटकून राहायचा. राखाडी डबा कसल्याही लाईनीवर चालायचा, बल्ब लाल पडला तरी चालायचा. म्हणून दुपारी सगळे काळ्याच्या बाजूचे आणि दिवेलागणीला सगळे राखाडीच्या बाजूचे. तरी दोन पार्ट्या पडल्याच. शंकरपटाच्या शर्यतीत बैलजोड्यांवरून मोठी माणसं भांडतात, तशी पोरं त्या डब्यांवरून भांडायची. एकदा तर एकानं दुसऱ्याचा कान चावला. त्या दिवशी तू सूप खाली ठेवलंस, दोघांच्या बखोट्याला धरून एकमेकांच्या टीव्हीसमोर बसवलंस आणि म्हणालीस, "तुले काळा पटत नाही ना? मंग काळ्यावरच खेळ. पयले दुसऱ्याच्या डब्यावर एक स्टेज पार कर, मंग तोंड उघड. न खेळता काऊन बोंबलून राहिला?" ते दोघं तोंड फुगवून खेळले. आणि मग, खरं सांगतो, पहिल्यांदा त्या छपरीत कोणी शहाण्यासारखं बोललं. राखाडीवाला म्हणाला की चादर भारी आहे राव. काळ्यावाला म्हणाला की उडी इकडचीच चांगली. तू मान हलवलीस आणि पुन्हा पाखडायला लागलीस. तुला ना चादरीशी घेणं होतं ना उडीशी. कटकट बंद झाली, एवढंच तुला हवं होतं. पुढे तोच दुकानाचा कायदा झाला.

मी तुझ्या नियमाचं काय काय केलं बघ. त्यावर लेख लिहिले, भाषणं दिली. एकदा एका मोठ्या कंपनीतल्या साहेब लोकांना तासभर शिकवला, विरोधी मत कसं समजून घ्यावं म्हणून.

आणि मग ते धान. हॉस्टेलची खोली मी उगाच उभी केली नाही, ती या धानावर झाकण म्हणून उभी केली. पोरांकडे पैसे कुठून असणार? आपल्याकडे पोरं ओंजळभर धान नेऊन किराणा दुकानातून मुरमुरे आणतात, भुईमुगाची फल्ली आणतात, ते सगळ्या गावाला चालतं. तसंच ती आपल्याकडे यायला लागली. चड्डीच्या खिशात धान भरून. एक ओंजळ, एक पारी. तू आधी नको म्हणालीस, मग एक-दोघांचं घेतलंस, मग एक टोपली ठेवलीस. त्या धानाचा कोंडा आणि कुसळं पोरांच्या हाताला चिकटून रिमोटमध्ये जायची, एकदा तर काळ्या डब्याच्या खाचेत धानाचा दाणा अडकला आणि कॅसेटच बसेना. तू केसातला आकडा काढून तो दाणा उकरलास. पोरं डब्यावर वाकून बघत होती. मी आत जाऊन पाणी प्यायलो. मला ते दृश्य बघवत नव्हतं. माझ्या वर्गात असलेली मास्तरांची मुलगी समोरच्या घरी राहायची आणि तिनं हे बघितलं तर काय, एवढाच माझ्या डोक्यात विचार.

त्या उन्हाळ्यात एक पोरगा एके दिवशी खिसे नव्हे, पिशवी भरून घेऊन आला. बारीक, सोनेरी, वासाचं धान. चिन्नोर. तू मूठ वर धरून हुंगलीस आणि विचारलंस, "कुठचं आनलं गा बाबू?" तो म्हणाला, "घरचंच आहे." तू एक क्षण थांबलीस. मी बघितलं तुला थांबताना. मग तू पिशवी घेऊन वेगळी ठेवलीस आणि तो पोरगा दुपारभर खेळला, काळ्यावर, चादरवाल्याला शेवटच्या बॉसपर्यंत घेऊन गेला. दोन दिवसांनी ते धान कांडून आणलंस. घरात भाताचा असा वास सुटला की बाबा घरी असते तर म्हणाले असते, आज कोणता सण आहे. मी तीनदा वाढून घेतला.

ते बिजाईचं होतं, पेरायचं बियाणं. पुढच्या महिन्यात रोपांचे पऱ्हे टाकायला म्हणून त्या घरानं वेगळं बांधून ठेवलेलं. खायच्या धानातलं पोरानं नेलं तर आई दोन रट्टे देते आणि विषय संपतो. बिजाईला घरातलं मोठं माणूससुद्धा हात लावत नाही, भूक लागली तरी. ते खाल्लं जाणं म्हणजे काय, हे तिरोड्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. नागपुरातल्या माझ्या मित्रांना मी कितीही सांगितलं तरी ते म्हणतील, अरे एक पिशवी तांदूळ ना?

सकाळची वेळ आहे. मी दात घासतो आहे. छपरीत पाच-सात माणसं येतात, मागे बायका. पुढे त्या पोराचा बाप, हातात रिकामं फडकं. तो फडकं झटकून दाखवतो आणि ओरडतो, "आमची बिजाई कुठं आहे? पोरायले चोऱ्या करायले लावता काय वो? बाई आहा का कोन आहा तुमी?" कोणीतरी मागून आणखी वाईट शब्द बोलतं, तो मी लिहीत नाही. तू उठतेस. पदर सारखा करतेस. मला वाटतं आता तू भांडशील, तुझं तोंड काही कमी नव्हतं. पण तू म्हणतेस, "मी मागलं नव्हतं, भाऊ. पोरानं आनलं, मी घेतलं. चिन्नोर पाह्यलं तवाच मले समजायले पायजे होतं. समजलं होतं थोडं. तरी घेतलं. चूक माझी आहे." एवढं. मग आत जातेस, टोपलीत असेल नसेल ते सगळं धान त्यांच्या फडक्यात ओततेस, जाडंभरडं मिसळीचं, ज्याचे पऱ्हे कोणी टाकणार नाही. ते ते घेऊन जातात. समोरच्या घराच्या दारात मास्तरांची मुलगी उभी आहे. माझ्या तोंडात तसाच फेस.

त्या आठवड्यात तू दोन्ही डबे गोंदियाच्या त्याच दुकानात नेऊन विकलेस. मला विचारलं नाहीस. मी तुझ्याशी बरेच दिवस बोललो नाही. तुला वाटलं डबे गेले म्हणून. एकदा माझ्या केसांतून हात फिरवत म्हणालीस, "रागावू नको. कॉलेजात गेला का घेऊन देतो तुले." मी तुला तसंच समजू दिलं. डब्यांचा राग नव्हता, आई. 'चूक माझी आहे' हे तू सगळ्या गल्लीसमोर म्हणालीस, त्याचा राग होता. मला वाटत होतं की तू खोटं बोलायला हवं होतंस. मला माहीत नाही बुवा, म्हणायला हवं होतंस.

हॉलमधून आल्यावर मी ठरवलं की पुढच्या कार्यक्रमात सगळं सांगायचं. कॅमेरा लावून बसलो. चांगलं बोललो, माझं बोलणं चांगलंच असतं. माझी आई, लहान गावातली एक प्रेमळ गृहिणी, गल्लीतल्या गरीब मुलांना कौतुकानं खेळू द्यायची आणि तिनंच मला हा नियम शिकवला. शेवटी माझा आवाजही भरून आला. मग मी ते बघितलं. त्यात दुकान नव्हतं. धान नव्हतं. बिजाई नव्हती. त्यात ती बाईच नव्हती. साडीच्या दुकानाच्या जाहिरातीतली कोणीतरी आई होती, तिला मी तुझ्या जागी बसवून रडलो होतो. म्हणून मी तिरोड्याला गेलो. वाटलं, त्या माणसासमोर एकदा खरं बोललो की मग कॅमेऱ्यासमोर जमेल.

आता तिरोड्यात शिरायच्या आधीच पॉवर प्लांटच्या चिमण्या दिसतात, तुझ्या वेळी नव्हत्या. आपल्या छपरीच्या जागी मोबाइल दुरुस्तीवाला बसतो. मी तिथे थांबलो नाही. कृषी केंद्र लगेच सापडलं. तो माणूस बियाण्यांच्या पाकिटांमागे बसला होता, मला बघून उठला, पोराला चहाला पाठवलं. मी चहा यायच्या आतच सांगून टाकलं. म्हणालो, "त्या बाई माझ्या आई होत्या. मी हॉलमध्ये खोटं बोललो." तो म्हणाला, "ठाऊक आहे मले. तवाच समजलं. तुमाले नको होतं, मनून मी बसलो." आणि मग त्यानं दुकानाच्या आतल्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "साहेब, ते चिन्नोर मीच आनलं होतं. पन आमच्या बुढ्याले आजवर ठाऊक नाही. त्यानं मोठ्या भावालेच मारलं होतं, मी गुपचाप राह्यलो. भाऊ आता रायपूरले असते, सुखात आहे, पन मले विषय काढायची हिंमत होत नाही. तुमी व्हिडिओत बाकी सबन सांगा. तेवढं बिजाईचं नका सांगू."

आई, त्या क्षणी मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं.  हाच नको म्हणतोय, आता माझा इलाज नाही, दुसऱ्याच्या घरातली गोष्ट मी कशी चव्हाट्यावर आणू. मी एकदम उदार झालो. त्याचा हात हातात घेऊन म्हणालो, "नाही सांगणार. काळजी करू नका." आणि बिजाई वगळली की तुझं दुकान का बंद झालं ते सांगता येत नाही, आणि ते सांगता येत नाही म्हटल्यावर दुकानच कशाला काढा, असं करत करत मी चहाच्या अर्ध्या कपात पुन्हा हॉस्टेलच्या खोलीपर्यंत येऊन पोचलोसुद्धा होतो.

तेवढ्यात आतून म्हातारा आला. तोच. काठी टेकत, डोळ्यांना चष्मा, पण मान अजून ताठ. खुर्चीवर बसला आणि आपल्याकडे कोणताही म्हातारा कोणालाही विचारतो ते त्यानं विचारलं. "कोनाचा गा तू, बाबू?"

मी बाबांचं नाव सांगितलं. बाबांचं नाव आणि आपल्या मूळ गावाचं नाव. सगळे असंच सांगतात, आईचं नाव कोण सांगतं? खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. शेजारी त्याचा मुलगा माझ्याकडे बघत होता, नुकताच माझ्या तोंडून तुझं ऐकून. मी त्याच्याकडे बघितलं नाही. म्हातारा नाव तोंडात घोळवत राहिला. "ट्रकवाला?" म्हणाला. "राइस मिलच्या गाडीवर होता तो?" मी हो म्हणालो. "मंग तुझी माय ते टीव्हीवाली."

मी म्हणालो, "हो."

"आहे का?"

"नाही. वारली. झाली बरीच वर्षं."

 म्हाताऱ्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, "मी लय बोललो होतो तिले. छपरीत उभा राहून. उलटून एक शबद बोलली नाही. चूक माझी आहे म्हने. मायासंग आजवर कोनी असं बोललं नाही. वाटे, एकडाव जाऊन सांगून यावं का बाई, मी जास्ती बोललो." रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाला तरी त्यानं मान हलवून रामराम केला. "मंग राहिलंच मनायचं ते."

त्याच वेळी बोलायला हवं होतं. दोघंही समोर होते, दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. सांगायला हवं होतं की काका, तिचं सगळं आयुष्य नंतर राइस मिलमध्ये तांदूळ पाखडण्यात गेलं, की तिच्या एका वाक्यावर मी माझं नाव कमावलं आणि तिचं नाव कुठे येऊ दिलं नाही, की तुम्ही एक सकाळ बोललात, मी तर अजून बोलतोच आहे, फक्त गप्प राहून. मी काय म्हणालो? "निघतो काका, गाडी आहे." आणि गाडीला अजून तास होता. स्टँडवर उभा राहिलो.

ते रेकॉर्डिंग मी पुसलं, एवढं तरी केलं. दुसरं केलेलं नाही. त्याऐवजी हे लिहायला बसलो. कॅमेऱ्यासमोर जे जमत नाही ते इथे भराभर जमलं, कारण खाली कोणी काही लिहिणार नाही आणि तू वाचणार नाहीस. हे पत्र जायचं कुठे नाही, मीच कुठेतरी घालून ठेवीन. कार्यक्रमाच्या सुरुवातीला अजूनही तीच पाटी येते, सरांचा नियम.

या महिनाभरात मी स्वतःला खूप काही समजावलं. की हॉलमध्ये मी गडबडलो, की अचानक विचारलं म्हणून झालं, की तुला असं चारचौघांत आणणं तुलाच आवडलं नसतं. त्यातलं एकही खरं नाही. तो माणूस उठून 'छपरीत टीव्हीचे गेम' म्हणाला तेव्हा मला तू दिसलीस, आकड्यानं डब्यातला दाणा उकरणारी, आणि त्या मॅडम, ती शाल, तो कॉलेजचा हॉल, यांच्यापुढे मला तुझी लाज वाटली. इतकं सगळं लिहून झाल्यावर ती लाज जाईल असं वाटलं होतं. आज दुपारी शेजारच्यांनी विचारलं, आई काय करायची तुमची, आणि मी म्हणालो, घरीच असायची. अजून वाटते, आई. थोडी, पण वाटते.